तीन काड्यांची दुपार

गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर बसवलेला वॉर्डाचा भोंगा खरखरला, तेव्हा खुएच्या बोटाखाली एक निळा ठोकळा होता आणि तो कुठे सोडायचा हे त्याचं ठरलेलं होतं. भोंगा रोज पावणेपाचला सुरू होतो आणि पाचला थांबतो. इतक्या वर्षांत त्यात फरक पडलेला त्याला आठवत नव्हता. त्याने ठोकळा सोडला. तो बरोबर खाचेत बसला, आडवी ओळ उजळून नाहीशी झाली आणि टॅबमधल्या बाईने कुठल्याशा परक्या भाषेत त्याला शाबासकी दिली. मग त्याने मान वर केली ती निव्वळ सवयीने, काडी किती राहिली ते बघायला. खिडकीच्या कट्ट्यावर, वाळू भरलेल्या कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात उदबत्ती उभी होती. निम्म्याहून जास्त शिल्लक. वा, त्याला वाटलं, अजून बराच वेळ आहे. पुढचा ठोकळा, पिवळा, वरून खाली सरकू लागला होता. तो अर्ध्यावर येईपर्यंत खुएच्या डोक्यात कुठेतरी एक साधं गणित अडखळलं. काडी आपण तीनला लावली. काडी पाऊण तास जळते. आत्ता पावणेपाच झाले. पिवळा ठोकळा भलत्याच जागी पडला.

उठावं असं नाही वाटलं त्याला. आधी वाटलं, काडी चांगल्या प्रतीची असेल. मग वाटलं, हवा दमट आहे, जूनचा महिना आहे, जळायला वेळ लागत असेल. एकतीस वर्षं हायफोंगच्या बंदरावर क्रेन चालवलेला माणूस, वाऱ्याचा अंदाज डोळे मिटून सांगणारा, आणि आता वारा, हवा, उदबत्ती सगळ्यांना आपल्या बाजूने साक्षीला उभं करत होता. जमिनीपासून तीस मीटर उंच, काचेच्या खोक्यात, पायाखालीही काच. खाली माणसं मुंग्यांएवढी नव्हती, मुंग्यांचे निदान पाय दिसतात. खाली नुसत्या पिवळ्या टोप्या फिरायच्या. कंटेनर उचलायचा, न्यायचा, दुसऱ्या कंटेनरवर चार कोपरे जुळवून ठेवायचा. एक बोट सरकला तर कानातल्या रेडिओवर मुकादम शिव्या घालायचा. नाही सरकला तर रेडिओ गप्प. एकतीस वर्षांत लाखभर कंटेनर त्याने नीट ठेवले असतील, आणि त्यातल्या एकासाठीही कुणी ‘छान’ म्हणालं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मुलाने, तोआनने, हा टॅब आणून दिला. तोआन जहाजावर असतो, वर्षातले दहा महिने. याच्यावर माझं तोंड दिसेल, म्हणाला. तोंड दिसायचं, आठवड्यातून दोनदा, आणि ते दिसलं की घरात सण असल्यासारखं व्हायचं. पण तोंड नसायचं तेव्हा टॅब रिकामाच पडायचा, आणि एकदा नातीने, मीतने, त्याच्यात ठोकळ्यांचा खेळ लावून दिला. पहिली ओळ जुळली आणि ती बाई आनंदाने काहीतरी ओरडली. खुएने टॅब पालथा घालून पाहिला, आत कोण आहे ते. त्या दिवशी त्याला काय वाटलं होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. सहासष्ट वर्षांच्या माणसाने ती शाबासकी ऐकायला लगेच दुसरी ओळ जुळवावी असं त्यात काही नव्हतं, पण त्याने जुळवली होती.

आता तो चारशे बाराव्या पायरीवर होता.

‘...घरासमोर साठलेलं पाणी उपसून टाका,’ भोंगा सांगत होता, ‘कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घाला, डासांच्या अळ्या...’ स्वयंपाकघरात लुआ नाळीची भाजी निवडत बसली होती. देठ मोडल्याचा बारीक कट्‌ कट्‌ आवाज येत होता. त्या आवाजात तिचा राग असतो की नुसती भाजी, हे खुएला लग्नाच्या बेचाळीस वर्षांनंतरही ओळखता येत नसे. उंबऱ्यावर मीत पाठमोरी बसली होती. मीत म्हणजे फणस. कागदोपत्री तिचं नाव मोठं देखणं होतं, पण जन्मली तेव्हा अंगावर इतकी लव होती की आजीने बघताक्षणी फणस म्हटलं आणि तेच टिकलं. नऊ वर्षांची, मानेवर घामाने चिकटलेले केस. मांडीवर पिसांचं फूल, म्हणजे कोंबडीची पिसं खाली रबराच्या चकत्यांत बसवून केलेलं ते खेळणं, जे हात न लावता पायांनीच हवेत ठेवायचं असतं. ती पिसं एकेक करून सरळ करत होती. शेजारी खुएच्या चपला, तोंडं रस्त्याकडे करून, जोडीने लावलेल्या. त्या चपला तिथे कधीपासून होत्या कोण जाणे.

ही काडीची भानगड त्याचीच होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली, तशी मीत टॅबला चिकटली. सून हिएन कारखान्यातून येऊन ओरडायची. तेव्हा घरातला कर्ता माणूस म्हणून खुएने नियम काढला. एक उदबत्ती जळेपर्यंत टॅब, मग बाहेर. आणि काडी जळतेय तोवर कुणी कुणाला टोकायचं नाही. त्याच्या लहानपणी घरात घड्याळ नव्हतं, काडीवरच सगळं चालायचं. मीतने मान डोलावली आणि म्हणाली, ‘मग आजोबांनाही एकच काडी.’ हिएन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. पहिल्या दिवशी खुएने सरळ पूर्वजांच्या देव्हाऱ्यातल्या भांड्यात काडी खोचली आणि टॅब घेऊन बसला. लुआ बाहेरून आली, वास घेतला, देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थबकली.

‘आज कुणाचं श्राद्ध आहे?’

‘कुणाचं नाही. माझी वेळ मोजतोय.’

‘वेळ मोजतोय! अहो मीतचे आजोबा, धूर वर गेला की तिकडे आवतण पोचतं. तुमचे वडील, तुमचे आजोबा, सगळे हातपाय धुऊन निघाले असतील. इथे येऊन काय बघणार? ताट नाही, वाटी नाही, म्हातारा ठोकळे ढकलतोय.’

मग तिची धावपळ झाली. केळ्यांची फणी, चहाची किटली, कालची चिकट भाताची वडी, जे हाताला लागलं ते तिने देव्हाऱ्यासमोर मांडलं आणि हात जोडून सासऱ्यांची माफी मागितली, की बाबा, तुमचा मुलगा हल्ली असाच आहे. खुएही तिच्यामागे उभा राहिला, ओशाळून. तेव्हापासून खिडकीतला हा दुधाचा डबा. डबा पूर्वजांना दिसत नाही असं लुआचं मत होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्याने उदबत्तीची कुंडली आणली, देवळात टांगतात तसली, वेटोळी. दुकानदार म्हणाला, सकाळी लावली की दुसऱ्या सकाळपर्यंत बघायला नको. मीतने ती पाहिली, कात्री आणली आणि बोटभर तुकडा कापून बाकीची कुंडली आजीकडे जमा केली. ‘उदबत्ती आहे की नाही?’ खुए म्हणाला. ‘आहे ना,’ मीत म्हणाली, ‘आता आहे.’ लुआ आठवडाभर ते सगळ्या गल्लीला सांगत होती. खुएलाही हसू यायचं. पण गेल्या शनिवारचं त्याला हसू आलं नव्हतं. गेल्या शनिवारी काडी जळून गेली, लाल देठ तेवढा उरला, आणि त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एकच पायरी, म्हणाला मनाशी. मीत दारात उभी होती, मग बसली, मग एकटीच तळ्यावर गेली. संध्याकाळी हिएनने तिला विचारलं, आले होते का गं आजोबा खेळायला? पडद्यामागे खुए पाणी पीत होता. मीत म्हणाली, ‘त्यांची काडी ओली होती. संपलीच नाही लवकर.’ पेला त्याच्या हातात तसाच राहिला. नऊ वर्षांच्या मुलीने त्याच्यासाठी एवढं गुळगुळीत खोटं कधी घडवलं असेल, वाटेत, की दारात बसल्या बसल्या?

‘...उद्या रविवारी सकाळी ताम बाक तळ्याकाठी,’ भोंग्यातला आवाज बदलला, आता न्यानबाई बोलत होत्या, गल्लीच्या सभागृहाचं काम बघणाऱ्या, दम लागल्यासारख्या, ‘आजी-आजोबा आणि नातवंडांच्या जोड्यांचा पिसफुलांचा खेळ होईल. नावं दोघांनी समक्ष येऊन द्यायची. भोंगा बंद झाला की वही बंद. मागून कुणी गयावया करू नये.’

उंबऱ्यावरची पाठ हलली नाही. पिसं सरळ करणारी बोटं तेवढी थांबली. हे नाव नोंदवायचं म्हणूनच तर आज काडी तीनला लावली होती. जेवताना त्याने शब्द दिला होता, काडी संपली की उठतो, पावणेचारला नाव देऊ, मग तळ्यावर सराव. शेजारचा तुए, ज्याला स्वतःला नातू नाही, गेले चार दिवस मीतला विचारत होता, तुझा आजोबा येत नसेल तर मला घे, माझे गुडघे चांगले आहेत. मीत त्याला म्हणाली होती, माझे आजोबा येणार आहेत. ती कुणाला आणि किती वेळा असं म्हणाली असेल?

खुएने टॅब मांडीवर ठेवला. नाकाला काहीतरी आठवत होतं. डोळ्यांना नाही, डोळे ठोकळ्यांवर होते; पण नाकाला काडेपेटीच्या गुलाचा वास आठवत होता. एकदा, आणि मग बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा. खिडकीपाशी उजेडाआड कुणीतरी आल्यासारखं झालं होतं, त्याने मान न उचलता ‘हूं’ केलं होतं, आणि सावली गेली होती. तो उठला. गुडघे वाजले. कट्ट्याजवळ जाऊन त्याने डब्यात वाकून पाहिलं. जळत्या काडीच्या बुडाशी वाळूत दोन लाल देठ होते, जळून गेलेल्या काड्यांचे. सकाळीच त्याने वाळू बदलली होती, स्वतःच्या हाताने, त्यामुळे जुने म्हणायलाही जागा नव्हती. म्हणजे ही तिसरी. पहिली विझायच्या आत तिने दुसरी लावली, दुसरी विझायच्या आत तिसरी, आणि परत जाऊन उंबऱ्यावर बसली, चपला मांडून. काडी जळतेय तोवर आजोबांना टोकायचं नाही. आणि काडी विझली नाही तोवर आजोबा खोटे ठरत नाहीत.

तो उभा होता आणि खोली होती तिथेच होती, पण त्याला वास येत होता भिजलेल्या पेंढ्याचा. सदुसष्ट साल. लढाईतली बॉम्ब टाकणारी विमानं बंदरावर यायला लागली तशी शहरातली मुलं नदीपलीकडच्या खेड्यांत पाठवली होती. तो आठ वर्षांचा, आई आणि तो, दुसऱ्याच्या गोठ्याशेजारची खोली. आई होडीने जायची, कापड देऊन तांदूळ आणायला. जाताना वाळूच्या वाटीत एक काडी लावायची आणि म्हणायची, ही विझायच्या आत येते. तो काडीसमोर उकिडवा बसायचा. त्या लाल टोकाकडे इतका बघायचा की डोळे मिटले तरी ते दिसत राहायचं. हातात धरता येईल अशा उजेडाकडे बघत बसायची सवय त्याला तेव्हाचीच, टॅबला उगाच दोष. आणि आई यायची, दर वेळी, काडीच्या आत. एका दिवशी भर दुपारी विमानं आली, होड्या थांबल्या, आणि काडी शेवटच्या बोटभरावर आली. त्याला भीती विमानांची नव्हती वाटत. ती विझली आणि आई आलेली नसली तर काय होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, याची वाटत होती. त्याने चटईखालून दुसरी काडी काढली आणि पहिलीच्या निखाऱ्याला लावली. मग तिसरी. मग चौथी. आई आली ती गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल गेलेली, डोक्यावर तांदळाची थैली तशीच. तो म्हणाला, ‘बघ, विझली नाही अजून.’ आईने वाटीत पाहिलं. किती वेळ पाहिलं ते त्याला आठवत नाही. तिने वाकून तीन देठ उपटले, सदऱ्याच्या खिशात टाकले आणि म्हणाली, ‘वेळेवर आले म्हणायची.’ मग तोंड फिरवून तांदूळ निवडायला बसली. निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं. आई जाऊन वीस वर्षं झाली. तिने ते देठ पुढे काय केले असतील, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला, भोंगा सुरू असताना, एका दुधाच्या डब्यापुढे.

भोंग्यावर आता गाणं लागलं होतं. म्हणजे शेवट. रोजचं तेच गाणं, दोन कडवी आणि खरखर.

त्याने दोन देठ उपटले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. टॅबमध्ये बाई काहीतरी विचारत होती, बहुधा पुढे खेळायचं का. त्याने तिला कट्ट्यावर पालथं निजवलं. मग एका हाताने डबा उचलला, जळत्या काडीसकट, आणि दुसऱ्या हाताचा आडोसा धरून उंबऱ्यापाशी आला.

‘चल.’

मीतने वर पाहिलं. आधी आजोबांकडे, मग डब्याकडे. तिचे कान लाल झाले.

‘काडी संपली नाही अजून,’ ती म्हणाली.

‘म्हणूनच तर. विझायच्या आत पोचायचंय.’

‘डबा घेऊन कुठे निघालात?’ लुआ भाजीचं टोपलं घेऊन बाहेर आली.

‘न्यानबाईंकडे.’

‘त्यांच्याकडे पूर्वज नाहीत वाटतं त्यांचे स्वतःचे?’ ती म्हणाली, पण चपलेत त्याचा पाय नीट जाईना तेव्हा तिने खाली वाकून पट्टा ओढून दिला. ‘पडू नका. पडलात तर उद्या मला खेळावं लागेल.’

गल्ली दोनशे पावलांची. खुए पळत नव्हता, पळणं त्याने पन्नाशीतच सोडलं होतं. तो क्रेन चालवताना मन जसं ठेवायचा तसं मन ठेवून भरभर चालत होता, हातातली वस्तू हलू न देता. मीत पुढे धावायची, मागे वळायची, पुन्हा धावायची. ‘बाजूला व्हा, काडी आहे,’ ती सायकलवाल्यांना सांगत होती, आणि सायकलवाले खरोखरच बाजूला होत होते. गुलमोहर इतका फुलला होता की भिंतीच्या वरचा सगळा भाग लाल. तो कधी फुलला? रोज त्याच्या खिडकीतून त्याचं एक टोक दिसतं, पण खिडकीत डबा होता आणि तो डबाच बघत होता. खेकड्याच्या सुपाचा वास, कुणाच्या तरी अंगणातली ओली फरशी, पाठीवर ऊन. आपल्याला धाप लागली आहे आणि ती बरी वाटते आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. दुसरं कडवं संपलं. खरखर झाली. सभागृहाचं दार अजून तीस पावलांवर असताना भोंगा बंद पडला.

ते आत शिरले तेव्हा न्यानबाई वहीला रबर लावत होत्या. टेबलाला टेकून तुए उभा होता, नव्या कोऱ्या बुटांत.

‘बंद,’ न्यानबाई म्हणाल्या. ‘मी काय सांगितलं भोंग्यावर? गयावया नाही.’

‘गयावया नाहीच,’ खुए म्हणाला. बोलायला दम पुरत नव्हता. त्याने डबा टेबलावर, वहीशेजारी ठेवला, चार कोपरे जुळवल्यासारखा. काडी बोटभर उरली होती. ‘आमच्या घरी वेळ हिच्यावर चालते. ही विझायच्या आत येतो असा शब्द होता.’

न्यानबाईंनी डब्याकडे पाहिलं. त्याही त्याच पिढीतल्या, त्यांनाही काडी ठाऊक होती. त्यांनी चष्मा वर केला.

‘कधी लावली?’

‘तीनला.’

‘तीनला? आणि अजून जळतेय? कुठल्या दुकानातून आणता, मलाही सांगा,’ त्या म्हणाल्या. तुए खो खो हसला. मीत फरशीकडे बघत होती, पिसांचं फूल दोन्ही हातांत घट्ट धरून. ‘काय गं,’ न्यानबाईंनी तिला विचारलं, ‘किती काड्या लागल्या?’

‘एक,’ मीत म्हणाली. अजिबात न अडखळता.

खुएचा हात खिशावर गेला होता. आईने देठ खिशात घातले आणि ते तिथेच राहिले. तेवढं त्यालाही करता आलं असतं, आणि त्यात प्रेमच होतं, ते त्याला आज कळत होतं. पण आई होडी नसल्याने अडकली होती. तो ठोकळ्यांत अडकला होता. त्याने दोन लाल देठ काढले आणि डब्याशेजारी ठेवले.

‘तीन,’ तो म्हणाला. ‘एक माझी. दोन हिने लावल्या, मी लबाड ठरू नये म्हणून. मी खेळत बसलो होतो, दुसरं काही नाही.’

कुणी हसलं नाही. न्यानबाईंनी देठ पाहिले, मग मीतकडे पाहिलं, आणि वहीचं रबर काढलं. ‘नाव सांगा,’ त्या म्हणाल्या. ‘लवकर. विझली तर मी लिहिणार नाही.’ तुए पुढे झाला, डब्यावर वाकला आणि वारा लागू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा धरून उभा राहिला.

बाहेर आल्यावर मीत पुढे धावली नाही, त्याच्या बरोबरीने चालत राहिली. तळ्याचं पाणी दिसायला लागलं तशी म्हणाली, ‘तुम्ही कशाला सांगितलंत? मी कुणाला सांगणार होते का?’

‘नव्हतीस,’ खुए म्हणाला. ‘म्हणूनच सांगितलं.’

तिने जरा विचार केला. ‘उद्या पण खेळणार का टॅबवर?’

‘खेळणार. चारशे बारावी पायरी अर्धवट राहिलीय. आणि दुपारी तुझा बाबा दिसणार आहे त्याच्यात.’

‘किती काड्या?’

‘एक. आणि काडेपेटी आजीकडे.’

मीतने फूल हवेत फेकलं. ते वर गेलं, उन्हात जरा थांबल्यासारखं झालं आणि त्याच्याकडे खाली यायला लागलं, अगदी सरळ, खाचेत बसायला येणाऱ्या वस्तूसारखं. खुएने पाय उचलला. पाय कुठे गेला आणि फूल कुठे पडलं याचा काही संबंध राहिला नाही, आणि एक चप्पल उडून तळ्याच्या कठड्यावर जाऊन बसली. मीत पोट धरून हसायला लागली.

‘छान,’ ती म्हणाली. ‘आता पुन्हा.’